तिशीनंतर आयटी सोडून एमबीबीएस: करावं की नाही?

हिंजवडीकर: वय ३१, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवतो. डॉक्टरांशेजारी बसून त्यांचं काम बघता बघता वाटायला लागलंय की आपण टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलोय. अकरावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. पण 'नीट'ची (एमबीबीएसची प्रवेश परीक्षा) वरची वयोमर्यादा २०२२ ला गेली, आणि बायो बारावीनंतर जादा विषय म्हणून पास झालं तरी चालतं असं एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२३ मध्ये सांगितलंय. मग अडतंय कुठे? मत द्या, बाजू घ्या.

रात्रपाळी: मी डॉक्टर आहे. नको करूस. तयारीला दोन वर्षं धर, मग साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे ३८-३९. सरकारी कॉलेज मिळालं तर बाँडचं, म्हणजे सरकारी सेवेचं, एक वर्ष. आणि नुसत्या एमबीबीएसला आज कोण विचारतं? पीजीची तीन वर्षं मोजलीस तर चाळिशी उलटली, आणि तेव्हा छत्तीस तासांची ड्युटी करताना तुझा सिनियर २७ वर्षांचा असेल, तो तुला अरेतुरे करून झापणार.

सांगलीची: झापू दे की, आयटीत मॅनेजर काय ओवाळतात का? ओडिशातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी ६४ व्या वर्षी सरकारी कॉलेजात ॲडमिशन घेतली, २०२० ची गोष्ट.

रात्रपाळी: त्यांना पेन्शन होती हो ताई. याच्या फ्लॅटचा हप्ता कोण भरणार?

हिंजवडीकर: फ्लॅट नाहीये 😅 बायको कमावते, ती म्हणते आधी एकदा नोकरी सांभाळून 'नीट' परीक्षा दे, मग बोलू.

सांगलीची: वहिनी शहाण्या आहेत.

जुनाप्राध्यापक: 'नीट'मध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोचे, आणि २०२५ ला २२ लाखांवर मुलं बसली होती. नुसतं पात्र होणं वेगळं, सरकारी सीट वेगळी. खाजगीत गेलात तर आठ वर्षांची बचत दोन वर्षांत संपेल. पेशंटसाठीच काही करायचं असेल तर टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पब्लिक हेल्थ करा, दोन वर्षांत मोकळे.

हिंजवडीकर: सर, त्यात परत लॅपटॉपच आला ना! मला पेशंट तपासायचेत.

रात्रपाळी: मग रविवारी एखाद्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीबाहेर रात्रभर बसून बघ. एसी केबिनमधला डॉक्टर बघून ठरवू नकोस.

सांगलीची: बसेल तो. आणि हिंजवडीकर, बारावीच्या बायोच्या परीक्षेचा फॉर्म आधी भरा, त्याची तारीख गेली तर ही सगळी चर्चा वर्षभर पुढे.