सॅक्रिस्टीतलं ते छोटं सिंक ड्रेनेजला जोडायचं का?

प्रश्न : नवी सॅक्रिस्टन

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आमच्या कॅथलिक चर्चच्या सॅक्रिस्टीची, म्हणजे मिस्सेची (आमच्या मुख्य उपासनेची) तयारी करतात त्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे आली. आधी जे बघत होते ते आजारपणामुळे अचानक थांबले. किल्ल्यांचा जुडगा हातात आला, पण कपाटात काय काय आहे आणि ते कशासाठी, हे सांगायला कुणी नव्हतं. मिस्सेला मी लहानपणापासून जातेय, तरी या वस्तू इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. जाणकारांनी मदत करावी.

मोठ्या बेसिनच्या शेजारी पितळी झाकण असलेलं एक छोटं सिंक आहे. प्लंबर नळ दुरुस्त करायला आला होता, त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, याचा पाइप सरळ जमिनीत गेलाय, ट्रॅप नाही, ड्रेनेजला जोडणी नाही, कुणीतरी चुकीचं काम करून ठेवलंय. गुरुवारी येऊन तो नीट जोडून देणार आहे. जोडू द्यावं ना?

दुसरं, चॅलिसच्या, म्हणजे मिस्सेत द्राक्षारस घेतात त्या पेल्याच्या आत एका बाजूला सोनेरी रंग उडालाय आणि तिथे हिरवट डाग दिसतो. पावडर लावून घासला तर चालेल का?

मॉन्स्ट्रन्सच्या, म्हणजे पवित्र भाकर दर्शनासाठी ठेवतात त्या पात्राच्या पेटीत एक सोनेरी चंद्रकोर सुटी सापडली. ती तुटून पडलेली आहे की वेगळीच वस्तू आहे? आणि फादरांच्या जुन्या झग्यांच्या प्रत्येक संचात स्टोलसारखी (ते गळ्यात घालतात त्या लांब पट्टीसारखी), पण हातभर लांबीची, मध्ये टाचलेली एक पट्टी आहे. ती कुणी वापरताना मी पाहिलेली नाही.

पांढरी कापडं तर इतक्या प्रकारची आहेत की मी सगळी एकाच घडीची करून ठेवते. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.


उत्तर : जुना सॅक्रिस्टन

ताई, आधी प्लंबरला फोन करा आणि गुरुवारचं काम थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

ते सिंक चुकून तसं बसवलेलं नाही. त्याला सॅक्रेरियम म्हणतात, आणि त्याचा पाइप गटाराला न जाता मातीत जावा म्हणूनच तो तसा काढलेला असतो. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही आपली श्रद्धा. ती खरी मानायची तर मग कणाचं काय, थेंबाचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. चॅलिस विसळलेलं पाणी, कापडं भिजवलेलं पाणी, यात एखादा कण गेला असेल तर ते पाणी सांडपाण्यात कसं सोडायचं? म्हणून ते जमिनीला द्यायचं. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चमध्ये वेदीजवळच्या भिंतीत, बहुतेक दक्षिणेच्या बाजूला, कोनाड्यात कोरलेलं दगडी कुंड दिसतं, त्याला पिस्किना म्हणतात. तुमचं सिंक त्याचंच वंशज. आजच्या रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण नियमावलीतही कलम ३३४ मध्ये सॅक्रेरियमची प्रथा चालू ठेवावी असं सांगितलंय. द्राक्षारस पवित्र झाल्यावर सांडला तर ती जागा पाण्याने धुवून ते पाणीही इथेच ओतायचं. हात धुणं, फुलदाणीचं पाणी, फरशीचा पोछा, यातलं काहीही त्यात जाता कामा नये. झाकण त्यासाठीच आहे.

आता कापडं. इथे थोडं लांबेल, कारण मी स्वतः इथेच चुकलो होतो.

सव्वीस वर्षांपूर्वी मी हे काम हाती घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मिस्सा संपल्यावर वेदीवरचं चौकोनी कापड उचललं आणि खिडकीबाहेर झटकलं. घरी टेबलावरचं कापड झटकतो तसं. मागे एक म्हाताऱ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं, परत टेबलावर पसरलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरून दाखवलं. खळ घातलेल्या पांढऱ्या लिननवर तांदळाच्या कणीच्याही चौथाईएवढा एक कण होता. दोन घड्यांच्या मधल्या रेषेत अडकून राहिलेला. त्यांनी तो पाण्याच्या वाटीत घेतला, विरघळू दिला, आणि ती वाटी दोन्ही हातांनी धरून सॅक्रेरियमपर्यंत गेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हे कापड झटकायचं नसतं, बाळा. हे उलगडायचं आणि मिटायचं असतं." खिडकीबाहेर काय गेलं असेल याचा विचार मला अजूनही सुटलेला नाही.

त्या कापडाचं नाव कॉर्पोरल. लॅटिनमध्ये कॉर्पुस म्हणजे शरीर. ज्यावर शरीर ठेवतात ते कॉर्पोरल. त्याची घडी तीन गुणिले तीन असते : आधी आपल्याकडची बाजू आत, तिच्यावर समोरची बाजू, मग उजवी आणि डावी आत. उलगडलं की घड्यांच्या रेषांनी नऊ चौकोन दिसले पाहिजेत. सगळ्या घड्या आतल्या अंगाला, म्हणजे एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो. उलगडायचं तेही वेदीवर ठेवूनच, हवेत धरून नाही. खळ घालायची ती याचसाठी, की कण धाग्यात न शिरता वर राहावा.

लांबट, मऊ, उभ्या तीन पदरी घडीचं ते प्युरिफिकेटर. ते चॅलिस पुसायचं, त्याला खळ नको, नाहीतर ओल शोषणार नाही. हात पुसायचा तो वेगळा टॉवेल, तो कसाही मिटा. पुठ्ठा घातलेला कडक चौकोन म्हणजे पॉल, चॅलिसवर झाकतात, म्हणजे आत धूळ-चिलट पडत नाही.

कॉर्पोरल आणि प्युरिफिकेटर धुताना पहिलं पाणी हाताने. भांड्यात भिजवा, पिळा, ते पाणी सॅक्रेरियममध्ये, किंवा ते नसेल तर योग्य जागी मातीत. त्यानंतर नेहमीसारखं धुवा. हे माझं म्हणणं नाही, व्हॅटिकनच्या २००४ च्या सूचनेत तसंच आहे. मशीनमध्ये थेट टाकलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिलीत आणि दरवेळी जीव तुटतो.

चंद्रकोर तुटलेली नाही. ती ल्युनेट, लॅटिन लुना म्हणजे चंद्र त्यावरून. मॉन्स्ट्रन्सच्या काचेमागे ओस्ती, म्हणजे पवित्र भाकरीची चकती, उभी राहावी म्हणून ती त्या कोरीत बसवतात. मॉन्स्ट्रन्स हा शब्दही 'दाखवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. १२६४ मध्ये पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी लावून दिला, आणि मिरवणुकीत लोकांना दर्शन घडवायचं तर तसं पात्र हवंच. सुरुवातीची मॉन्स्ट्रन्स चर्चच्या मनोऱ्यांसारखी असत. स्पेनमधल्या तोलेदो कॅथीड्रलचं एन्रिके दे आर्फे याने घडवलेलं प्रचंड मॉन्स्ट्रन्स त्याच धाटणीचं आहे. सूर्यकिरणांचा आकार रूढ झाला तो पुढे, बरोक काळात.

ती हातभर पट्टी म्हणजे मॅनिपल. मुळात घाम आणि हात पुसायचा रुमाल. पुढे तो कलाबतूचा झाला आणि पुसणं मागे पडलं. डाव्या हाताच्या मनगटाजवळ अडकवत. १९६७ पासून तो घालणं सक्तीचं राहिलं नाही. टाकू मात्र नका. झग्याच्या संचाचा भाग आहे तो.

चॅलिसबद्दल धातूचं काम जाणणाऱ्याने बोलावं. माझ्या मते हात लावू नका.


उत्तर : मुलामेवाला

मी सोन्याचं पाणी चढवायचं काम करतो, चॅलिसही बरीच येतात. पावडर अजिबात नको. मुलामा फार पातळ असतो, पावडर किंवा ब्रासो मारलं की डाग जातो आणि त्याच्यासोबत उरलेलं सोनंही जातं. हिरवट दिसतंय याचा अर्थ सोन्याखालच्या धातूतलं तांबं उघडं पडलंय आणि द्राक्षारसातल्या आम्लाने ते कळकायला लागलंय. गंजणाऱ्या किंवा सोन्याहून कमी मोलाच्या धातूचं पात्र आतून सोन्याने मढवलेलं असावं असा नियमच आहे, तो असाच नाही आलेला. तेव्हा फादरना दाखवा, परत मुलामा होईपर्यंत दुसरं पात्र वापरा. रोजच्यासाठी कोमट पाणी, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडं करणं, बास.

चॅलिसच्या दांडीवर मधे जी गाठ असते तिला नोड म्हणतात. लोक तिला नक्षी समजतात. पण जुन्या विधीत याजक भाकर पवित्र केल्यापासून बोटं धुवेपर्यंत अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून ठेवत, त्या बोटांना लागलेला कण पडू नये म्हणून. उरलेल्या तीन बोटांनी भरलेलं पात्र उचलून बघा, गुळगुळीत दांडी हातातून फिरते. गाठ असली की बोटं तिच्याखाली बसतात. मी काम शिकलो तेव्हा उस्तादांनी मला असंच दोन बोटं मिटून चॅलिस उचलायला लावलं होतं. त्यानंतर नोडचा आकार घडवताना हात कुठे जाईल हे मला विचारावं लागलं नाही.

तळावर एका बाजूला क्रूस कोरलेला असेल. ती बाजू याजकाकडे, म्हणजे प्यायचं आणि पुसायचं एकाच जागी.

आणखी एक. बरीच चॅलिस तीन भागांत उघडतात, पात्र, गाठ, पाया, आत एक सळई आणि खाली नट. पात्र डुगडुगत असेल तर वरून पिळू नका, पायाखालचा नट घट्ट करा. तो भाग बघाल तेव्हा आतल्या बाजूला काही कोरलंय का तेही बघा. देणाऱ्याचं नाव किंवा कुणाचं स्मरण असतं. मुलाम्याला देण्याआधी ते जसंच्या तसं वहीत उतरवा. घासण्यात अशी अक्षरं पुसट झालेली मी पाहिली आहेत.


उत्तर : शब्दांच्या मागे

वरच्या दोघांनी सगळं सांगितलंय, मी दोन शब्द जोडते. ओस्ती ठेवायचं झाकणाचं पात्र म्हणजे सिबोरियम. मूळ ग्रीक शब्द किबोरिऑन, कमळाचं बिया भरलेलं बोंड. आकार आठवा, वर पसरट, खाली निमुळता. त्याच शब्दाने वेदीवरच्या खांबांच्या छत्रालाही सिबोरियम म्हणतात, जुन्या मजकुरात गोंधळू नका.

पवित्र झालेली ओस्ती जपून ठेवतात ती पेटी म्हणजे टॅबर्नॅकल, लॅटिनमध्ये तंबू. म्हणून त्याच्यावर पडदा घालतात, तो शोभेचा नाही. तुमच्या जुडग्यात त्याची किल्ली असेल तर ती वेगळी काढा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्तशरीर कुलपातच ठेवण्याचा नियम केला, तो आजही आहे. त्या काळी पेटीच असे असं नाही. वेदीवर टांगलेलं कबुतराच्या आकाराचं पात्र असे, भिंतीतला कोनाडा असे. जर्मनीत तर दगडी मनोराच उभारत. न्युरेंबर्गच्या सेंट लॉरेन्झ चर्चमधला मनोरा आडाम क्राफ्ट या शिल्पकाराने १४९३ ते १४९६ मध्ये घडवला, जवळजवळ २० मीटर उंच, आणि त्याच्या तळाशी गुडघ्यावर बसून तो भार खांद्यावर पेलणारा माणूस त्याने स्वतःच्या चेहऱ्याचा केलाय, हातात हत्यारं घेतलेला. मला ते फार आवडतं.


प्रश्नकर्तीकडून : नवी सॅक्रिस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लंबर गुरुवारी आला होता, फक्त नळासाठी. त्याला मी सांगितलं की हा पाइप मुद्दाम मातीत सोडलाय आणि का सोडलाय. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "मग पाणी खाली जातंय का ते तरी बघायचं का?" तांब्याभर स्वच्छ पाणी ओतलं. सावकाश, पण गेलं. जाळीत वर्षानुवर्षांचं मेण बसलं होतं. ते त्याने बोटांनीच काढलं, हत्यार लावलं नाही.

काल पहिल्यांदा कॉर्पोरल हाताने भिजवलं. पाण्यात मला काहीच दिसलं नाही, तरी वाटी दोन्ही हातांनी धरूनच नेली.

सिस्टरांची गोष्ट वाचल्यावर एक कबूल करते. या दोन महिन्यांत मीही ती कापडं झटकली आहेत. फादरना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि तुम्ही लिहिलेली घडी माझ्याकडून तीनदा करून घेतली.

चॅलिसचा पाया उलटा करून पाहिला. आत बारीक अक्षरात कोरलंय, "आईच्या बांगड्यांतून". नाव नाही, साल नाही. वहीत तेवढंच लिहून ठेवलं आहे.


उत्तर : मुलामेवाला

ज्याच्याकडे काम द्याल त्याला सांगा, पायाच्या आतल्या बाजूला पॉलिशचं चाक लावायचं नाही. चिठ्ठी करून चॅलिसला बांधूनच द्या.