पाच पिनांचा आणि पीएस/२ प्लगचा जुना कीबोर्ड यूएसबीवर कसा चालवावा?

अक्षरजुळारी:

नमस्कार. मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो आणि इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत टंकन करतो. आजवर टीव्हीएस गोल्डच्या पीएस/२ (लहान, गोल, सहा पिनांच्या) प्लगच्या कीबोर्डवर काम होत असे; त्याच्या कळांखालच्या निळ्या चेरी स्विचची बोटांना इतकी सवय झाली आहे की हल्लीच्या चपट्या कीबोर्डवर माझा वेग निम्म्यावर येतो. नव्या छोट्या संगणकाला मात्र मागच्या बाजूस केवळ यूएसबी पोर्ट आहेत. त्याखेरीज बंद पडलेल्या एका छापखान्याच्या सामानात आयबीएमचे दोन कीबोर्ड मिळाले. एक मॉडेल एम असून त्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर १३९१४०१ हा क्रमांक आहे आणि प्लग लहान, गोल, सहा पिनांचा आहे. दुसरा ८३ कळांचा असून त्याच्या एफ१ ते एफ१० या कळा डाव्या हाताला दोन उभ्या ओळींत आहेत, आणि प्लग मोठा, पाच पिनांचा आहे.

बाजारातून साधा जांभळा अडॅप्टर आणला. तो लावल्यावर टीव्हीएस गोल्डचे तीनही दिवे क्षणभर लागून विझतात, पुढे एकही अक्षर उमटत नाही. नंतर वायरचा एक स्वस्त कन्व्हर्टर आणला. त्यावर गोल्ड आणि मॉडेल एम दोन्ही चालतात, परंतु वेगाने टंकताना शिफ्ट अधूनमधून दाबलेलीच राहते आणि ‘कमल’ लिहायला जावे तर ‘खणळ’ उमटते. ८३ कळांचा कीबोर्ड मोठ्या प्लगचा लहान प्लग करणारा जोड लावूनही पूर्णपणे मुका आहे. हे कीबोर्ड बिघडलेले आहेत, की जोडणीत काही उणे आहे?

खटखट्या:

आपण दिलेल्या लक्षणांवरून तिन्ही कीबोर्ड शाबूत असण्याचीच शक्यता अधिक आहे. प्लगचा आकार आणि कीबोर्ड संगणकाशी ज्या पद्धतीने बोलतो ती पद्धत या दोन स्वतंत्र गोष्टी असून बाजारातले बहुतेक अडॅप्टर फक्त आकार बदलतात.

जांभळ्या अडॅप्टरमध्ये एकही चिप नसते. काही कीबोर्ड मुळातच यूएसबी आणि पीएस/२ या दोन्ही पद्धती जाणणारे बनवले जात, आणि तो अडॅप्टर अशांसाठीच असतो. आपल्या गोल्डला त्यातून ५ व्होल्ट मिळाले, त्याने सुरुवातीची स्वतःची तपासणी केली म्हणून दिवे लागले, पण त्यापुढे तो जे बोलला ते यूएसबी पोर्टला कळणे शक्यच नव्हते. दिवे लागून विझणे हे त्याच्या आतला कंट्रोलर जिवंत असल्याचे चिन्ह आहे.

शिफ्ट अडकण्याचे कारण अधिक रंजक आहे. १९८४ च्या आयबीएम एटीपासून आलेल्या आणि १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांनी लहान प्लगसह पुढे चालवलेल्या पद्धतीत (तिला एटी पद्धत म्हणू) प्रत्येक कळीला एक कोड असतो; तो हेक्स म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात. कळ दाबली की तो कोड जातो आणि सोडली की आधी ‘एफ०’ व मागोमाग तोच कोड जातो. डाव्या शिफ्टचा कोड ‘१२’ आहे, म्हणजे ती सोडताना ‘एफ०’ आणि ‘१२’ असे दोन बाइट जातात. यातला ‘एफ०’ कन्व्हर्टरने गाळला तर उरलेल्या ‘१२’ चा अर्थ शिफ्ट पुन्हा दाबली असा होतो, आणि आपल्या ‘क’ चा ‘ख’, ‘म’ चा ‘ण’, ‘ल’ चा ‘ळ’ होतो. शिफ्ट एकदा दाबून सोडली की पुढची अक्षरे सरळ येत असतील, तर दोष कळीत नसून कन्व्हर्टरमध्येच आहे असे खुशाल धरावे.

८३ कळांचा कीबोर्ड १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या घराण्यातला, मॉडेल एफ जातीचा दिसतो. त्याची पद्धत याहून वेगळी आणि जुनी आहे; तिला एक्सटी पद्धत म्हणतात. ‘ए’ ची कळ दाबली की तो ‘१ई’ पाठवतो आणि सोडली की ‘९ई’, म्हणजे तोच कोड सर्वांत वरचा बिट चढवून. एटीच्या पद्धतीत त्याच कळीसाठी ‘१सी’ आणि सोडताना ‘एफ०, १सी’ जाते. शिवाय एटी कीबोर्डला संगणक उलट आज्ञा देऊ शकतो, दिवे त्यामुळेच लागतात. एक्सटी कीबोर्ड मात्र एकतर्फी बोलतो आणि त्याला दिवेही नाहीत. दोन्हींचा पाच पिनांचा प्लग दिसायला अगदी सारखा असतो, हाच सारा घोळ. इतर कंपन्यांच्या त्या काळातल्या काही कीबोर्डांच्या पोटाशी एक्सटी आणि एटी यांपैकी पद्धत निवडण्याचे छोटे बटण असे. आयबीएमच्या या कीबोर्डला ते नाही. पीएस/२ चा कन्व्हर्टर त्याला कधीच ओळखणार नाही.

पाचव्होल्ट:

खटखट्या यांच्या म्हणण्यात विजेचा मुद्दा जोडावासा वाटतो. ऐंशीच्या दशकातले मॉडेल एम नंतरच्या कीबोर्डांपेक्षा जास्त प्रवाह घेतात, आणि स्वस्त कन्व्हर्टरमधून तो पुरेसा मिळाला नाही तरी अक्षरे गळतात. यूएसबीच्या नियमानुसार उपकरणाने स्वतःची ओळख देईपर्यंत १०० मिलिअँपिअरपर्यंत आणि मागणी मंजूर झाल्यावर ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो, त्यामुळे कीबोर्ड बिनविजेच्या हबमधून न जोडता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडून पाहावा. घरी मल्टिमीटर असल्यास गोल्ड किंवा मॉडेल एमची कोणतीही कळ न दाबता क्लॉक (ठेका देणारी) आणि डेटा (कोड नेणारी) या दोन्ही तारांवर जवळजवळ ५ व्होल्ट दिसायला हवेत.

आपला संगणक छोटा असल्याने आपल्याला उपयोग नाही, पण इतर वाचकांनी मोठ्या डेस्कटॉपची मागची बाजू अवश्य पाहावी. आजही कित्येक नव्या मदरबोर्डवर अर्धा जांभळा, अर्धा हिरवा असा एक पीएस/२ पोर्ट असतो आणि तिथे गोल्ड किंवा मॉडेल एम कोणत्याही मध्यस्थाविना चालतो. मात्र संगणक बंद असतानाच प्लग लावावा; ही जोडणी चालू संगणकात काढघाल करण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

डागकाम:

माझा सल्ला असा की, तयार कन्व्हर्टर बदलत बसण्यापेक्षा एकच नीट कन्व्हर्टर स्वतः बनवावा. एटीमेगा ३२यू४ ही चिप असलेला प्रो मायक्रो किंवा टीन्सी २.० बोर्ड घ्यावा. ही चिप स्वतः यूएसबी बोलते आणि ५ व्होल्टवर चालते, म्हणून जुन्या कीबोर्डशी तिचे सरळ जमते. प्रो मायक्रोचा ३.३ व्होल्टचा प्रकारही विकला जातो, तो टाळावा. रास्पबेरी पाय पिको स्वस्त पडतो खरा, पण त्याचे पाय ३.३ व्होल्टचे असल्याने मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन्हींकडचे व्होल्ट जुळवणारा भाग) बसवावा लागतो. पहिल्याच कामाला ती कटकट नको.

तारा चारच आहेत: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा. लहान प्लगमध्ये १ क्रमांकाची पिन डेटा, ३ ग्राउंड, ४ पाच व्होल्ट आणि ५ क्लॉक असते. मोठ्या पाच पिनांच्या प्लगमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड आणि ५ पाच व्होल्ट. मोठ्या प्लगच्या पिनांचे क्रमांक एका बाजूने दुसरीकडे ओळीने जात नाहीत, म्हणून नकाशा समोर ठेवूनच डाग द्यावा आणि नकाशा प्लगचा आहे की सॉकेटचा हे आधी पाहावे, कारण दोन्ही एकमेकांचे आरशातले रूप असतात. क्लॉक आणि डेटा या प्रत्येक तारेपासून ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावावा. या तारा कीबोर्ड फक्त खाली खेचतो, वर नेण्याचे काम रेझिस्टरचे असते, आणि स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नेमकी इथेच काटकसर केलेली मी पाहिली आहे.

फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चढवायचा प्रोग्राम, म्हणून टीएमके पाहावे. त्यात एक्सटी आणि एटी या दोन्ही पद्धतींसाठी कन्व्हर्टर आहेत आणि बोर्डाचे कोणते पाय वापरायचे ते त्यांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. सोअररचा कन्व्हर्टर या नावाने ओळखले जाणारे जुने फर्मवेअर पद्धत आपोआप ओळखते, म्हणून अनेकांचे ते आवडते आहे. मात्र त्याचा सोर्स खुला नाही.

एक कळकळीची विनंती अशी की मॉडेल एफच्या आतला मूळ बोर्ड कुणाच्या सांगण्यावरून काढून टाकू नये. त्याच्या कळांखाली साधे संपर्क नसून धारकता मोजणारी रचना आहे, आणि आयबीएमचा बोर्ड ते काम चोख करतो. बाहेरचा कन्व्हर्टर उद्या काढून ठेवता येईल. कापलेला बोर्ड परत मिळणार नाही.

अक्षरजुळारी:

सर्वांचे मनापासून आभार. ५ व्होल्टचा प्रो मायक्रो आणून टीएमकेचा एटी पद्धतीचा कन्व्हर्टर चढवला. गोल्ड आणि मॉडेल एम दोन्ही त्यावर व्यवस्थित चालत असून शिफ्ट अडकणे पूर्ण थांबले आहे. एक्सटीसाठी दुसरा बोर्ड मागवला आहे. दोन शंका उरल्या आहेत. मॉडेल एमला विंडोज कळ नाही आणि भाषा बदलण्यासाठी मला विंडोज व स्पेस ही जोडी लागते. तिचे काय करावे? आणि कन्व्हर्टरमध्ये फेरफार केल्यास इनस्क्रिप्टची मांडणी बिघडेल का?

खटखट्या:

इनस्क्रिप्टला धक्का लागणार नाही. कन्व्हर्टर संगणकाला कोणती कळ दाबली एवढेच सांगतो. त्या जागी ‘क’ उमटवायचा की ‘के’, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. लिनक्स किंवा मॅकवर गेलात तरी हे असेच राहील.

मॉडेल एमवर कॅप्स लॉकला विंडोज कळीचे काम द्यावे. कन्व्हर्टरच्या फर्मवेअरमध्येच तसे केले तर तो कीबोर्ड कोणत्याही संगणकाला जोडला तरी बदल सोबत राहतो. फर्मवेअरला हात लावायचा नसेल तर विंडोजवर पॉवरटॉइजमधील कीबोर्ड मॅनेजरने तेच साधते. केवळ स्टार्ट मेन्यू हवा असेल तर कंट्रोल आणि एस्केप ही जोडी पूर्वीपासून आहेच.

डागकाम:

एक्सटीचा बोर्ड आल्यावर त्यात एक जादा थर, म्हणजे एखादी कळ धरून ठेवली की इतर कळांना मिळणारी दुसरी कामे, जरूर करून ठेवावा. त्या कीबोर्डला एफ११ व एफ१२ नाहीत आणि बाणांच्या कळा अंकांच्या कळांतच सामावलेल्या आहेत. नम लॉक चालू आहे की बंद हे दाखवणारा दिवाही नाही, त्यामुळे परिच्छेदात वर जाण्यासाठी बाण दाबावा आणि मजकुरात ८ उमटावा असे घडत राहते. मी माझ्या कीबोर्डवर फर्मवेअरमधून त्या कळांना कायमचे बाण करून टाकले आहे आणि अंक थरात ठेवले आहेत. आपण अक्षरजुळणी करता, हिशेब नव्हे, तेव्हा आपल्यालाही तीच मांडणी सोयीची पडेल.