२०४७ साली आपण किती वर्षांचे असू?

ए-५०२ (निवृत्त बँक अधिकारी): सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या रविवारच्या सभेत क्लब हाउसमधील मुलांची खोली कोणासाठी वापरायची हा विषय दहा मिनिटांत उरकला गेला, म्हणून या ग्रुपवर सविस्तर लिहीत आहे. सदनिकांचा ताबा मिळाला तेव्हा सकाळी शाळेच्या बससाठी फाटकाशी मुलांची रांग लागत असे. आता त्याच कट्ट्यावर फिरून आलेले आम्ही आठ-दहा ज्येष्ठ बसलेले असतो. हे आपल्यापुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला, म्हणजे एका पिढीची जागा भरून काढण्याइतकी मुले आता जन्माला येत नाहीत. 'विकसित महाराष्ट्र २०४७' या राज्याच्या आराखड्याविषयी वाचताना पाच लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचा आकडा आधी डोळ्यांत भरतो. परंतु आज चाळिशीत असलेले आपले कमिटी सदस्य तोवर साठी ओलांडून बसलेले असतील, त्यांची काळजी कोण व कोणत्या पैशाने घेणार, हे फारसे कोणी बोलत नाही. नाशिककराला तर हे सांगायला नको. कुंभमेळ्याची पर्वणी बारा वर्षे आधी ठाऊक असते, तरी घाटांची कामे शेवटच्या वर्षी धावपळीत होतात. साठीची तारीखही तशीच ठाऊक आहे. ती खोली ज्येष्ठांच्या दिवसभराच्या देखभालीसाठी द्यावी, असे माझे मत आहे.

सी-१०४: काका, आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. मुले कमी झाली म्हणून मुलांची खोली काढून घ्यायची, हे उलटे झाले. भरवशाचे पाळणाघर मिळाले नाही म्हणून मी नोकरी सोडली आणि दुसऱ्या मुलाचा विचारही तिथेच थांबला. उद्या काम करणारे हात कमी पडणार असतील, तर शिकून घरी बसलेल्या आम्ही बायका सर्वांत जवळचे मनुष्यबळ आहोत, हे राज्याच्याही आराखड्यात ठळकपणे यायला हवे.

चेअरमन: कृपया ग्रुपवर राजकीय चर्चा टाळावी.

ए-५०२: साहेब, ही राजकीय चर्चा नाही. दोन वर्षांनी लिफ्ट बदलण्याचा खर्च निघेल, तेव्हा आपल्यातील किती जण निवृत्तिवेतनावर असतील, एवढाच प्रश्न आहे.

बी-३०१: मी अंबडच्या कारखान्यात उत्पादन विभाग पाहतो. आमच्याकडे मशीनवरचे निम्मे कामगार बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत आणि एका खोलीत सहा-सात जण राहतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून मजूर येतात; त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची शाळा हंगामभर बुडते. राज्याच्या सरासरीत आदिवासीबहुल सुरगाणा आणि नाशिक शहरातला सुखवस्तू गंगापूर रोड एकत्र मोजले जातात, त्यामुळे महाराष्ट्र म्हातारा होतो आहे हे वाक्य खरे असूनही अपुरे वाटते. आपल्या म्हातारपणाचा भार ज्या तरुणांवर पडणार, त्यांतील बरेच आज त्या बागांच्या बांधावर खेळत आहेत. मला विचाराल, तर नियोजनाचा पहिला रुपया तिथल्या शाळेवर आणि आयटीआयवर पडायला हवा. खोलीबाबत मी ताईंच्या बाजूने आहे, मात्र दुपारी बारा ते चार ती ज्येष्ठांना देण्यास हरकत नसावी.

सी-१०४: दुपारी मुले झोपलेली असतात, दादा. सकाळी दहापर्यंतची वेळ ज्येष्ठांना चालेल का?

ए-५०२: चालेल. २०४७ साली मी कट्ट्यावर नसेन, त्यामुळे माझा हट्ट नाही.

सेक्रेटरी: २०११ नंतरची जनगणना आता २०२७ मध्ये होत आहे, म्हणजे सोळा वर्षे आपण जुन्या आकड्यांवर बोलत होतो. आपल्या ६४ सदनिकांसाठी तेवढे थांबायची गरज नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये वही ठेवली आहे. नावे लिहू नयेत. घरातील प्रत्येकाचे आजचे वय आणि २०४७ मधील वय, एवढेच दोन रकान्यांत भरावे. शनिवारी संध्याकाळी बेरीज करू आणि खोलीच्या वेळा त्यानंतर ठरवू.