गड्ड्यातली छर्ऱ्याची बंदूक: सात वर्षांच्या पोराला घ्यावी का?

कडकभाकरी: भाच्याला सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) दाखवायला नेलं, तर छर्ऱ्याची बंदूक बघून भोकाड पसरलं त्यानं. 'उद्या आणू' म्हणून कसंबसं घरी आणलंय. धाकटी दोन वर्षांची आहे. बजेट ३०० रुपये. काय घेऊ?

चाटीगल्लीकर: फोमच्या गोळ्यांची घे. मी पुण्याहून १,८०० ला आणली, अजून ठणठणीत. स्वस्तात जाऊ नको बे.

शेंगाचटणी: ते ३०० म्हणतायत हो!

जुनीगिरणी: आम्ही गलोलीवर वाढलो. कुणाला काही झालं नाही. हल्लीची पोरंच नाजूक.

पुतण्याची_काकू: गलोलीनं डोळा गेलेला माणूस आमच्या गल्लीतच आहे, दादा. आणि फोम म्हणजे मऊ, असं समजू नका. पुतण्याला दीड हातावरनं लागली. नुसता डोळा लाल. उजेडात नेलं तर बुबुळाच्या खालच्या कडेला रक्ताची बारीक रेघ. सासूबाई दूध घालायला निघाल्या होत्या! चोळायचं नाही, दाबायचं नाही, थेंबही घालायचा नाही. कागदी कप कापून डोळ्यावर चिकटवला नि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. मग डोकं उंच ठेवून झोपायचं, उड्या बंद. पोराला हे कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा.

चाटीगल्लीकर: आमच्याकडं असलं काही झालं नाही. चांगल्या कंपनीची घ्या म्हणून तर सांगतोय.

नियमवाला: १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्यांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. बघूनच घ्या.

शेंगाचटणी: गड्ड्यात मार्क विचारलात तर तो भजी देईल हातात.

जुनीगिरणी: भजी आता पूर्वीसारखी राहिली नाहीत.

पुतण्याची_काकू: मार्क असला तरी तोंडावर नेम धरायचा नाही, हे शिकवावंच लागतं. आणि छर्रे नकोच, धाकटी नाकात घालेल. पाण्यात फुगणारे जेलचे मणी तर अजिबात नको, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात.

चाटीगल्लीकर: फोमच. परत सांगतोय.

कडकभाकरी: सगळ्यांचे आभार. बंदूकच नको म्हटलं. १५० ला धनुष्यबाण आणला, बाणाला पुढं रबरी वाटी आहे, भिंतीला चिकटते. पोरगं खूश.

पुतण्याची_काकू: ती वाटी ओढून बघा आधी. निघाली तर धाकटीच्या घशात जाईल, नि मागं राहील ती नुसती काडी.

कडकभाकरी: ओढली. निघाली.