आयओक्यूएमनंतर जेईईचा क्लास सोडावा का?

मुलगी आयओक्यूएम या गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेतून आरएमओ या दुसऱ्या, प्रादेशिक टप्प्यासाठी निवडली गेली, आता जेईईचा क्लास सोडावा का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थीच आहे. मात्र त्या क्लासच्या भरवशावर पुढची पायरी गाठता येईल, असेही नाही. आयओक्यूएमचे उत्तर ०० ते ९९ मधला आकडा असल्याने वर्तुळे रंगवली की भागते. आरएमओत संपूर्ण सिद्धता लिहावी लागते, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरील क्लासांत (फी कितीही असो) तो सराव क्वचितच होतो. पुढे आयएनएमओ या राष्ट्रीय टप्प्यात पुरस्कार मिळालाच, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश परीक्षेविनाही प्रवेश मिळू शकतो आणि आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्थेच्या) बंगळुरूतील बीमॅथ या गणिताच्या पदवीसाठी लेखी परीक्षेऐवजी थेट मुलाखत होते. तथापि, पुरस्कार गृहीत धरून या संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज भरायचे टाळू नये.