मदत हवी आहे: 'न्यू डील'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीतल्या पहिल्या शंभर दिवसांचा तक्ता नववी-दहावीच्या मुलांसाठी करायचा आहे. तारखा पक्क्या आहेत, घोडं अडलंय ते शब्दांपाशी.

'न्यू डील' म्हणजे महामंदीतून देश सावरण्यासाठीचा रूझवेल्टचा कार्यक्रम. त्याचं 'नवा करार' हे भाषांतर सर्रास दिसतं. पण ही 'डील' पत्त्यांतली आहे: पानं पुन्हा पिसून नव्याने वाटणं. करार म्हटलं की मुलं लगेच विचारणार, कोणाशी केला? 'नवा डाव' चालेल का? की 'डाव' म्हटल्यावर कपटाचा वास येतो?

खरी अडचण 'बँक हॉलिडे'ची. ४ मार्च १९३३ला शपथ, ६ला देशभरातल्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम, ९ला एका दिवसात संसदेत कायदा मंजूर, १२ला रात्री रेडिओवरून लोकांना समजावणं आणि १३पासून सुस्थितीतल्या बँका टप्प्याटप्प्याने सुरू. 'बँकांना सुट्टी' लिहिलं तर दिवाळीची सुट्टी वाटते. प्रत्यक्षात लोक ठेवी काढायला रांगा लावत होते आणि तो ओघ थोपवायचा होता. 'बँकबंदी' म्हणावं, तर बँका कायमच्या गेल्या असं वाटतं. 'तात्पुरती व्यवहारबंदी' अचूक आहे, पण तक्त्याच्या चौकटीत मावत नाही. एका शब्दात बसेल असं काही सुचतंय का?

'काँग्रेस' मुद्दाम टाळून 'अमेरिकी संसद' लिहिलंय, नाहीतर मुलांच्या डोळ्यांपुढे आपला पक्ष येतो. हूवरसाठी 'मावळते अध्यक्ष' ठेवलंय. 'राष्ट्रपती' की 'राष्ट्राध्यक्ष', यावरही मत द्या. तक्ता या आठवड्यात छापायला जातोय.