पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटजवळ दोन खोल्यांचा होमस्टे: आडदिवशी पाहुणे कसे मिळतील?

प्रश्न: नागपूरहून चालवतो. शनिवार-रविवार फुल्ल, बाकी दिवस कुलूप. भाडं उतरवू का?

जंगलवाट: नका उतरवू, भाऊ. 2,000 च्या खोलीवर 20 टक्के सूट आणि पोर्टलचं 18 टक्के कमिशन धरा, हाती 1,312 उरतात. चादरींची धुलाई, नाश्ता, कूलरची वीज सगळं त्यातूनच. त्यापेक्षा आडदिवशी तेच भाडं ठेवून रात्रीचं जेवण जोडा.

तर्रीपोहे: पाहुणा पुन्हा येतो तो पहाटेच्या सोयीमुळे. सफारीला अंधारातच निघावं लागतं, तेव्हा स्वयंपाकघर बंद असलं की नाराजी पक्की. रात्रीच डबा ठरवा: पराठे, उकडलेली अंडी, केळी. पोहे नकोत, तासाभरात कोरडे होतात. डिसेंबरात उघड्या जिप्सीसाठी माणशी एक ब्लँकेट. सावजी रस्सा करणार असाल तर तर्री वेगळ्या वाटीत द्या; मुंबई-पुण्याच्या पोरांना झेपत नाही.

जंगलवाट: आणि सफारीचं बुकिंग करताना नाव ओळखपत्राप्रमाणेच टाका, मूळ कार्ड सोबत न्यायला सांगा. गेटवरून परत पाठवलं की शिव्या होमस्टेला. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरायची, हे बरेच जण विसरतात.

प्रश्नकर्ता: पावसाळ्यात?

तर्रीपोहे: जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा गाभ्याचा भाग, बंद. तेव्हा रामटेकचं गडमंदिर, खिंडसी तलाव आणि गरम भजी विका. दमट हवेत कूलर निकामी, छताचा पंखा चांगला बसवा. गाद्यांना बुरशी धरते. ऊन पडलं की बाहेर काढा.